दोन कॉप्या

हरिपूरच्या पेवाशी काढलेला हा फोटो.
दिसतात ती फक्त दोन पावलं,
टाचांच्या भेगांत हळद गच्च बसलेली,
आणि दोर.
त्याआधी खाली कंदील सोडला होता, ते फोटोत नाही.
विझला तर माणूस उतरवायचा नाही,
तेवला तर उतरवायचा.
म्हादू बंडगर कंदिलाकडं बघत होता,
मी म्हादूकडं,
आणि मुकादम माझ्याकडं, की हा कोण उपटसुंभ
ऐन कामात.
ज्योत हलली. राहिली.
"हाय की अजून हवा आपल्या वाट्याची," म्हादू म्हणाला
आणि गेला खाली.
मी बटण दाबलं तेव्हा तो जवळजवळ नव्हताच.

माझ्या एम-एटीच्या डिकीत
टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा असतो
आणि पाकिटं.
प्रत्येक फोटोच्या मी दोन कॉप्या काढतो.
एक माझ्याकडं, एक ज्याची त्याला.
वखारभागातला लॅबवाला गुंडाप्पा विचारतो,
"धंदा हाय का दानधरम?"
वीस वर्षं झाली, मला ठरवता आलेलं नाही.

मिरजेत दस्तगीरचाचा.
मांडीवर भोपळा, कानाशी तार.
लोक म्हणतात, काय तल्लीन चेहरा!
तल्लीन कसला.
"थांब, दात लावतो," म्हणून उठले होते,
तर बशीतले दात जागेवर नाहीत,
नातीनं भातुकलीत नेलेले.
शेवटी तोंड घट्ट मिटून बसले, ते हे असे.
त्या मिटलेल्या ओठांखाली प्रदर्शनात मी चिठ्ठी लावली, 'साधना'.
चाचांना त्यांची कॉपी दिली.
बराच वेळ बघून म्हणाले,
"आता दात घालून एक काढ."

काही फोटोंच्या मागं काहीच नसतं.
विट्याच्या स्टँडवर बाकावर एक छत्री.
थांबलो, काढला, चहा प्यालो.
दुसरी कॉपी कुणाला द्यायची?
दोन्ही माझ्याकडंच.

सावळजला बेदाण्याच्या शेडवर
बाया निवडायला बसलेल्या,
जतेच्या, काही पार विजापूरकडच्या.
कोपऱ्यातली एक पदर पुढं ओढून म्हणाली,
"आमचा फोटो घिऊन काय करनार तू?"
बाकीच्या हसल्या.
मी म्हटलं, आणून देईन की.
"तवा मी कुटं असंन?"

तिचा नाही काढला.
तिच्या शेजारच्या पोरीचा काढला. रत्नव्वा.
सात-आठ वर्षांची,
चोरलेले बेदाणे एका गालात,
म्हणून तो गाल तेवढा फुगलेला.

पंधरा दिवसांनी पाकीट घेऊन गेलो
तर शेडच्या जाळीत नुसता वारा,
खाली चार देठं.
टोळी गेली, मालक म्हणाला.
कुठं?
त्यानं पूर्वेकडं हात केला.
पूर्व केवढी मोठी असते.

तीन वर्षं झाली. पाकिटाला पेट्रोलचा वास लागलाय,
कोपरे मऊ पडलेत.
जतच्या बाजारात, डफळापूरच्या फाट्यावर
मी पोरींचे गाल बघत हिंडतो, वेड्यासारखा.
तिसऱ्या वर्षी कुठं ध्यानात आलं,
ती आता अकराची असणार
आणि मी अजून आठचीच शोधतोय.

एक सांगायचं राहिलं.
निघताना तिनं कॅमेरा मागितला होता.
"मी दाबू? येकदाच."
दाबलं.
त्या फोटोत मी आहे: एक कान, अर्धा खांदा,
बाकी सगळं उन्हानं पेटलेलं हिरवं कापड.
आणि कडेला, पदर मागं सरकलेला,
एक चेहरा,
बहुतेक हसणारा,
इतका हललेला की कुणाचाही म्हणता येईल.

त्याच्याही दोन काढायला सांगितल्या.
गुंडाप्पानं पाकिटावर पेन टेकवलं,
"ही दुसरी कुणाची?"
मी म्हटलं, लिही,
जिनं काढलाय तिची.
मग म्हटलं, थांब,
तीन काढ.